पंधरा दिवसांपूर्वी कसे होते?

रुग्णालयांचे वैद्यकीय अधीक्षक आणि मेडिसिन विभागांचे प्रमुख यांस,

स. न. वि. वि.

केस पेपर लिहून घेताना एक वाक्य रोज कानावर पडतं आणि रोज वाया जातं. तापाने फणफणलेल्या म्हाताऱ्या माणसाला स्ट्रेचरवरून आत नेत असतात, आणि मागून येणारी सून किंवा मुलगा म्हणतो, "तसे ते वर्षभर थकलेच होते हो. खुर्चीतून उठायलासुद्धा हात द्यावा लागायचा." समोरचा निवासी डॉक्टर मान डोलावतो आणि पुढचं विचारतो. शुगर आहे? बीपी आहे? ताप किती दिवस? त्याचा काही दोष नाही. त्याच्या हातातल्या कागदावर वयाला रकाना आहे, तापमानाला आहे, नाडीला आणि रक्तातल्या ऑक्सिजनच्या सॅच्युरेशनला आहे. जुन्या आजारांना तर चार ओळी सोडल्या आहेत. उठायला हात द्यावा लागायचा, हे लिहायला मात्र कुठेच जागा नाही. पेशंट आत जातो, ते वाक्य दाराशीच राहतं.

माझी बरीच वर्षं मेडिसिनच्या वॉर्डात गेली. फ्लूचे मोसम पाहिले, कोविडच्या लाटा पाहिल्या, आरएसव्ही या श्वसनमार्गाच्या विषाणूने धाप लागलेली म्हातारी माणसं पाहिली. त्या वाक्याला केस पेपरवर जागा द्यावी, एवढीच मागणी करायला हे पत्र लिहिते आहे. जागा दिल्यावर तिथे जे लिहिलं जाईल त्याच्या जोरावर पेशंटला काही जास्त मिळावं, त्याचं काही काढून घेतलं जाऊ नये, ही तिचीच दुसरी बाजू. ती पहिलीपेक्षा अवघड आहे, म्हणून पत्र लांबलं.

आधी शब्दाचं सांगते. घरची माणसं "थकलेत" म्हणतात, "खंगलेत" म्हणतात. आम्ही वॉर्डात सरळ "फ्रेल" म्हणतो. मराठीत जर्जरता हा चांगला शब्द आहे, पण तो उच्चारला की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर शेवटच्या घटका मोजणारा माणूस उभा राहतो, आणि फ्रेल्टी म्हणजे तेवढंच नाही. म्हणून इथे मी फ्रेल्टीच लिहिते. हा कुठल्या एका अवयवाचा आजार नाही. स्नायू, हृदय, फुप्फुसं, मूत्रपिंडं, मेंदू, प्रतिकारशक्ती, प्रत्येकाची थोडीथोडी गंगाजळी आटत जाते. एरवी कुणाच्या लक्षात येत नाही, कारण रोजचं भागत असतं. पण शरीर हातावर पोट असल्यासारखं चालत असतं. एक दिवस खाडा पडला की चूल पेटत नाही. तो खाडा म्हणजे विषाणूचा ताप.

याची मोजमापं नवी नाहीत. २००१ मध्ये अमेरिकेत लिंडा फ्रीड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाच खुणा ठरवल्या : वर्षभरात आपोआप साडेचार किलो किंवा त्याहून जास्त वजन उतरणं, सतत थकवा, मुठीची पकड सैल होणं, चाल मंदावणं, हालचाल कमी होणं. पाचांपैकी तीन दिसल्या तर माणूस फ्रेल. संशोधनाला हे उत्तम; पण रात्री दोन वाजता धापा टाकणाऱ्या माणसाच्या हाताची पकड यंत्राने मोजायला कुणी जात नाही, आणि मोजून उपयोगही नाही. कॅनडातल्या डलहौसी विद्यापीठाचे केनेथ रॉकवुड आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये जी क्लिनिकल फ्रेल्टी स्केल मांडली ती वॉर्डाच्या कामाची आहे. आज ती नऊ पायऱ्यांची आहे, प्रत्येक पायरीला चित्र आणि दोन ओळींचं वर्णन. एक म्हणजे ठणठणीत, नियमित व्यायाम करणारा. चारवर माणूस स्वतःचं सगळं करतो पण मंदावलेला असतो. पाचवर पैशांचे व्यवहार, प्रवास, औषधांच्या वेळा यांत मदत लागते. सहावर जिना आणि आंघोळ अवघड होते. सातवर अंगावरच्या सगळ्या गोष्टींना दुसरं माणूस लागतं. आठ आणि नऊ या आयुष्याच्या अखेरीच्या पायऱ्या; त्यातली नववी ज्यांच्या हाती सहा महिन्यांहून कमी काळ उरला आहे त्यांची, मग ते चालतेफिरते का असेनात. माहीतगार माणसाला ठरवायला एक-दोन मिनिटं पुरतात.

पण त्या एक-दोन मिनिटांत एक चूक फार वेळा होते, आणि ती झाली तर सगळी पट्टीच कुचकामी ठरते. पायरी आजची लिहायची नसते. आज तर सगळेच सातवर आहेत! परवापर्यंत तीन जिने चढणारा माणूस फ्लूच्या चौथ्या दिवशी पाण्याचा पेला उचलू शकत नाही. विचारायचं असतं ते साधारण पंधरा दिवसांपूर्वीचं, आजार सुरू होण्याच्या आधीचं. या पत्राचं शीर्षक तोच प्रश्न आहे.

उत्तर कुणाकडून घ्यायचं, यातही मेख आहे. पेशंट स्वतः म्हणतो, "माझं मी सगळं करतो." लांब राहणारा मुलगा म्हणतो, "काही नाही, ठणठणीत होते." फोनवर आवाज खणखणीतच येतो. खरं माहीत असतं ते रोज सोबत असणाऱ्या माणसाला, आणि बऱ्याचदा ते माणूस मागे गप्प उभं असतं. म्हणून मी आता "तब्येत कशी होती" असं विचारतच नाही. शेवटचं एकटे घराबाहेर कधी पडले? आंघोळीला कोण मदत करतं? गोळ्या कोण काढून देतं? कपडे सैल झालेत का? या चार उत्तरांत पायरी बहुधा सापडते.

आता, हे विषाणूच्या संसर्गात इतकं का महत्त्वाचं? २०२० च्या वसंतात, कोविडच्या पहिल्या लाटेत, ब्रिटनमधली दहा आणि इटलीतलं एक अशा अकरा रुग्णालयांनी मिळून दाखल झालेल्या १५६४ पेशंटांची ही पायरी नोंदवली. अभ्यासाचं नाव कोप. निम्मे पेशंट ७४ वर्षांवरचे. जवळजवळ निम्मे, ४९.४ टक्के, फ्रेल होते. २७.२ टक्के दगावले. वय, मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार, मूत्रपिंडाचं काम हे सगळं हिशेबात धरल्यावरही पायऱ्यांचा फरक पुसला गेला नाही. पहिल्या दोन पायऱ्यांवरच्या माणसांच्या तुलनेत पाच-सहावरच्यांना मृत्यूचा धोका सुमारे १.८ पट होता, सात ते नऊवरच्यांना सुमारे २.४ पट. संशोधकांचा निष्कर्ष असा की पुढे काय होणार हे वयापेक्षा किंवा आजारांच्या यादीपेक्षा फ्रेल्टी जास्त चांगलं सांगते. म्हणजे आपल्या कागदावर ज्या दोन गोष्टी ठळक छापल्या आहेत त्यांच्यापेक्षा न छापलेली तिसरी बोलकी निघाली.

सगळे अभ्यास एका सुरात बोलत नाहीत, हेही सांगायला हवं. कोविडमध्ये नुसत्या फ्रेल्टीच्या आकड्यावरून कोण जगेल आणि कोण नाही हे नीट वेगळं करता येत नाही, असं नंतरच्या काही अभ्यासांना आढळलं. मला त्यात विरोध दिसत नाही. शंभर माणसांच्या गटाबद्दल पायरी खरं बोलते. खाट नंबर सातवरच्या एका माणसाबद्दल ती फक्त "इकडे जरा लक्ष द्या" एवढंच सांगू शकते.

शरीरात काय घडतं हे वॉर्डातल्या माणसाला डोळ्यांनी दिसतं. ताप एक अंश सेल्सियसने चढला की शरीराचा खर्च साधारण १० ते १३ टक्क्यांनी वाढतो. भूक तर मेलेली असते. मग शरीर स्नायू मोडून प्रथिनं काढतं. ज्याचे स्नायू आधीच उतरलेत त्याच्याकडे मोडायला काय आहे? त्यातून छातीचे आणि पोटाचे स्नायू गेले की खोकल्यातला जोर जातो. कफ सुटत नाही, आणि विषाणूच्या मागोमाग जिवाणूंचा न्यूमोनिया येतो. गिळणं ढिलं झालेलं असेल तर पाण्याचा घोट श्वासनलिकेत उतरतो. प्रतिकारशक्तीची गोष्ट तर अशी की छातीतली थायमस ग्रंथी लहानपणापासूनच आक्रसत जाते, आणि कधीच न पाहिलेल्या शत्रूला ओळखणाऱ्या नव्याकोऱ्या टी पेशी म्हातारपणी फार थोड्या उरतात. कोविडचा विषाणू सगळ्यांनाच नवा होता. पण म्हाताऱ्यांकडे त्याच्याशी लढायला नवी फौजच नव्हती. उलट शरीरात एक मंद दाह कायम धुमसत असतो. इटलीच्या क्लाउदिओ फ्रांचेस्की यांनी २००० साली त्याला म्हातारपण आणि दाह यांचा जोडशब्द करून नावही दिलं. आणि हृदय : फ्लूचं निदान पक्कं झाल्यानंतरच्या पहिल्या सात दिवसांत हार्ट अटॅकचा धोका सुमारे सहापट असतो, असं कॅनडातल्या २०१८ च्या अभ्यासात दिसलं. एकेक धक्का सोसणारं शरीर वेगळं, आणि सगळे धक्के एकाच आठवड्यात बसल्यावर कोलमडणारं शरीर वेगळं. पायरी त्या दुसऱ्या शरीराकडे बोट दाखवते.

इथे मला माझीच एक चूक सांगायची आहे. एक आजोबा, व्हायरल न्यूमोनिया. आठव्या दिवशी ताप नाही, ऑक्सिजनशिवाय सॅच्युरेशन चोवीस तास ९६, सीआरपी, म्हणजे रक्तातली दाहाची खूण, खाली. मी राउंडला उभ्याउभ्या फाइल पाहिली, डिस्चार्ज लिहिला, पुढच्या खाटेकडे गेले. ते खाटेवरून स्वतः उठू शकतात का, हे मी पाहिलं नाही. सिस्टरने विचारलं होतं, "मॅडम, चालवून बघायचे का?" मी म्हटलं, घरी गेले की चालतील. घरी गेल्यावर सहाव्या दिवशी ते परत आले. रात्री उठताना पडले होते, खुब्याचं हाड मोडलं होतं. त्यानंतर ते कधीच आपल्या पायांवर उभे राहिले नाहीत. आमच्या महिन्याच्या अहवालात मात्र त्यांची पहिली भरती "व्हायरल न्यूमोनिया, सुधारणा होऊन घरी" अशीच नोंदलेली आहे, यशाच्या रकान्यात.

हा रकाना मला आजही टोचतो. आपण निकाल म्हणून फक्त मृत्यू मोजतो. गेले किती, राहिले किती. पण आधी स्वतः आंघोळ करणारं माणूस घरी गेल्यावर करू शकतं का, हे कुठे लिहिलं जातं? ७० वर्षांवरची जी माणसं तीव्र आजाराने दाखल होतात त्यांच्यातली सुमारे एक तृतीयांश घरी जाताना रोजच्या कामांपैकी निदान एक काम गमावून जातात. आणि ते गमावण्यात आजाराइतकाच आपलाही हात असतो. २००७ मध्ये काही निरोगी, सरासरी ६७ वर्षांच्या माणसांना दहा दिवस नुसतं खाटेवर झोपवून ठेवण्याचा प्रयोग झाला. आजार नाही, ताप नाही, उपास नाही. दहा दिवसांत पायांचे स्नायू सुमारे एक किलोने घटले. आता त्यात ताप घाला, न जाणारं जेवण घाला, स्टेरॉइड घाला, आणि वय ६७ च्या जागी ८२ करा.

साथीच्या वॉर्डात तर आपण हे सगळं शिस्तीने करतो. संसर्गाच्या भीतीने नातेवाईक बाहेर. चष्मा आणि कानाचं यंत्र "हरवेल" म्हणून घरी पाठवलेलं. सगळे चेहरे मास्कमागे, त्यामुळे ओठांवरून समजायचं तेही बंद. लघवीला उठायला नको म्हणून नळी. नळी एकदा घातली की माणूस खाटेला बांधलाच जातो, दोरीची गरज राहत नाही. हाताला सलाईन, बोटाला क्लिप, नाकाला ऑक्सिजन. रात्री दोनला रक्तदाब, पाचला रक्त काढायचं. तिसऱ्या रात्री असे एखादे आजोबा भिंतीशी बोलायला लागले की आपण फाइलमध्ये लिहितो, "पेशंट सहकार्य करत नाही."

ही बडबड, हा डेलिरियम, म्हणजे आजारात मेंदूचा अचानक उडणारा गोंधळ, वेगळा सांगायला हवा. कारण तो नंतर होणारी गुंतागुंत तर आहेच, पण कित्येकदा तेच आजाराचं पहिलं लक्षण असतं. अमेरिकेत २०२० मध्ये आपत्कालीन विभागांत आलेल्या ६५ वर्षांवरच्या ८१७ कोविड पेशंटांचा अभ्यास झाला. २८ टक्के येतानाच डेलिरियममध्ये होते. त्यांतल्या ३७ टक्क्यांना ताप किंवा धाप अशी नेहमीची लक्षणं नव्हतीच. म्हणजे "कालपासून काहीतरीच बोलतात" किंवा "उगाच झोपूनच असतात" एवढीच तक्रार, आणि आपण ताप मोजून, शंभरच्या आत आहे म्हणून परत पाठवतो. फ्रेल माणसाचा ताप चढतोच कुठे? वृद्धनिवासांतल्या माणसांसाठीचे निकष म्हणूनच खाली आणलेले आहेत : तोंडात ३७.८ अंश सेल्सियसच्या वर गेलं, किंवा त्या माणसाच्या नेहमीच्या तापमानापेक्षा १.१ अंश वाढलं, तर तो ताप समजायचा. पण नेहमीचं तापमान किती, हे विचारतंय कोण?

गप्प पडून राहणारा डेलिरियम तर सर्वांत फसवा. आरडाओरडा करणाऱ्याकडे सगळा वॉर्ड धावतो. गप्प पडलेल्याबद्दल आम्ही म्हणतो, "किती शांत पेशंट आहे, काही त्रास नाही." फोर-एटी नावाची साधी चाचणी आहे. जागेपण पाहायचं, वय, जन्मतारीख, आपण कुठे आहोत आणि चालू वर्ष विचारायचं, महिने उलट्या क्रमाने म्हणायला लावायचे, आणि घरच्यांना विचारायचं की हा बदल अचानक झाला का. दोन मिनिटं. रोज सकाळी नाडीबरोबर ही झाली तर निम्म्या गोष्टी वेळेत कळतील, असं मला माझ्या वॉर्डावरून वाटतं.

आणि टाळता येतं, म्हणून तर इतका अट्टहास. शॅरन इनूय आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये ७० वर्षांवरच्या ८५२ पेशंटांवर दाखवलं : वार-तारीख सांगत राहणं, उठवून चालवणं, रात्री झोपू देणं, चष्मा आणि कानाचं यंत्र हाताशी ठेवणं, पाणी पाजत राहणं. यात कुठलं महागडं औषध आहे? डेलिरियम होणाऱ्यांचं प्रमाण १५ वरून ९.९ टक्क्यांवर आलं. मात्र एकदा तो सुरू झाल्यावर याच गोष्टींचा फारसा फरक पडला नाही, हाही त्याच अभ्यासाचा निष्कर्ष. म्हणून पायरी पहिल्याच दिवशी कळायला हवी. पाचव्या दिवशी कळून उपयोग नाही.

आता अवघड बाजू. आकडा आला की तो दाराला लावायची खूण होण्याचा धोका असतोच, आणि हे प्रत्यक्षात घडलेलं आहे. २० मार्च २०२० रोजी ब्रिटनच्या नाइस या संस्थेने कोविडमधल्या अतिदक्षता उपचारांबद्दल घाईघाईने मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत दाखल होणाऱ्या प्रौढांची फ्रेल्टी स्केलवर नोंद करायला सांगितलं होतं, आणि पाच किंवा त्याहून वरच्या पायरीवर अतिदक्षता योग्य ठरेल का याचा विचार करा, असं म्हटलं होतं. कागदावर वाजवी वाटतं. पण जन्मतः बौद्धिक अपंगत्व असलेली तिशीतली व्यक्ती, जिला आंघोळीला आणि कपड्यांना रोज मदत लागते, ती या पट्टीवर सरळ सातवर जाते. तिचं हृदय, फुप्फुसं, स्नायू तरुण असतात. मदत लागते ती वेगळ्याच कारणाने. अपंग व्यक्तींच्या संघटनांनी आवाज उठवला, आणि पाचच दिवसांत, २५ मार्चला, सूचना बदलल्या : ६५ वर्षांखालच्यांना, आणि दीर्घकाळ स्थिर असलेलं अपंगत्व, बौद्धिक अक्षमता किंवा स्वमग्नता असलेल्यांना ही पट्टी लावू नका.

त्या पाच दिवसांबद्दल मी खूप विचार केला आहे. तिथे कुणी दुष्ट बसलेलं नव्हतं. पट्टी घडवणाऱ्यांनी ती वृद्धांसाठीच घडवली होती. घाईत कुणीतरी "प्रत्येक वृद्ध" ऐवजी "प्रत्येक प्रौढ" लिहिलं. एवढ्याशा शब्दाने काय होऊ शकतं हे ज्यांच्या घरात अशी मुलं आहेत त्यांना लगेच कळलं, आम्हा डॉक्टरांना उशिरा. म्हणून माझी विनंती अशी की आपण जो रकाना छापाल त्याच्या खालीच, त्याच आकाराच्या अक्षरांत, तो कुणासाठी नाही हेही छापा. मागच्या पानावर नको. मागचं पान कुणी वाचत नाही.

आणि पायरी सहा असली म्हणून काय करायचं नाही, याची यादी कुठेच नसावी. काय करायचं याची असावी. सहाच्या पेशंटला पहिल्या दिवशी फिजिओथेरपिस्ट मिळावा, जो आज चौथ्या दिवशी, तोही मागून घेतल्यावर मिळतो. नळी घातली तर ती का घातली आणि कधी काढणार हे त्याच दिवशी लिहिलं जावं. गोळ्यांची यादी कुणीतरी बसून तपासावी, कारण झोपेची एक गोळी इथे डेलिरियमला पुरते. नातेवाइकांपैकी एकाला, मास्क घालून का होईना, जेवणाच्या वेळी आत सोडावं. कुणी भरवतं आहे की ताट तसंच परत जातं आहे, हे आमच्या मावशींना बरोबर माहीत असतं, पण त्यांना कुणी विचारत नाही. आहारतज्ज्ञाने वजन विचारण्याऐवजी करून पाहावं. हे सगळं एकत्र करण्याला वृद्धरोगशास्त्रात सर्वांगीण तपासणी म्हणतात, आणि २०१७ च्या कॉक्रेन आढाव्यात, म्हणजे अनेक अभ्यास एकत्र करून घेतलेल्या आढाव्यात, २९ अभ्यास आणि १३,७६६ पेशंटांच्या आधारे दिसलं की ती मिळालेली माणसं तीन ते बारा महिन्यांनी जिवंत आणि स्वतःच्या घरी असण्याची शक्यता जास्त असते. "स्वतःच्या घरी" हा निकाल मला फार आवडतो. पेशंटला विचारलं तर तोही हाच मागेल.

कधीकधी पायरी जड उपचारांबद्दलचं बोलणं सुरू करायला लावते. लावू दे. सातवर असलेल्या, वर्षभर खाट धरलेल्या आजींना व्हेंटिलेटर लावल्याने काय साधेल आणि त्यांना काय सोसावं लागेल, हे घरच्यांशी बोलायलाच हवं. न बोलता लावणं हीही एक क्रूरताच आहे. पण ते बोलणं दुपारी, खुर्चीवर बसून, आजी शुद्धीवर असताना त्यांच्याशी आधी व्हावं. पहाटे तीनला, सॅच्युरेशन ७० वर आल्यावर, जिन्यात उभ्याने, सही घेण्यासाठी होऊ नये. त्यांना काय हवं आहे, हे पायरी सांगत नाही. त्या स्वतः सांगतात, विचारलं तर. एका आजींनी मला सांगितलं होतं, "मशीन नको. पण ऑक्सिजन काढू नका, आणि माझ्या केसांना कुणीतरी तेल लावा." तिन्ही गोष्टी फाइलमध्ये लिहिल्या आणि तिन्ही पाळल्या. त्या अकराव्या दिवशी घरी गेल्या.

आपल्याकडून येणारं पहिलं उत्तर मला ठाऊक आहे : माणसं कुठे आहेत? खरं आहे, नाहीत. चाळीस खाटांना रात्री दोन सिस्टर असताना मी कुणाला चालवा म्हणून सांगू? म्हणूनच पायरी लिहा, असं म्हणते. चाळीसच्या चाळीस जणांना चालवायचं नाही. कोणत्या नऊ जणांना चालवलं नाही तर ते पुन्हा उठणार नाहीत, एवढं तरी त्या दोघींना कळू दे. आणि सहा महिन्यांनी जेव्हा आपण जास्त मनुष्यबळ मागायला वर जाल तेव्हा आपल्या हातात नुसती खाटांची संख्या नसेल. आपल्या वॉर्डात सहाच्या वरच्या पायरीचे किती पेशंट होते आणि जाताना ते किती पायऱ्यांनी खालावले होते, हे असेल. हो, जाताना पुन्हा नोंदायचंच. येतानाचा आकडा आणि जातानाचा आकडा शेजारीशेजारी. आमच्या कामाची परीक्षा त्यातून होईल, आणि ती थोडी अवघड जाईल, माझ्यासकट सगळ्यांना.

लसीबद्दल दोनच ओळी, कारण तो खरं तर दुसऱ्या पत्राचा विषय आहे. फ्रेल माणसांत लसीचा प्रतिसाद कमी उमटतो, म्हणून "यांना देऊन काय उपयोग" असं डॉक्टरांच्याच तोंडून ऐकलं आहे. ज्याला संसर्ग झाला तर सगळंच जातं, त्याच्यासाठी निम्मं संरक्षणही मोठं असतं. डिस्चार्जच्या कागदावर फ्लू, कोविड आणि आरएसव्हीच्या लसींची चौकट ठेवा, आणि सोबत राहणाऱ्या माणसांच्या लसींचीही.

केस पेपरची नवी छपाई व्हायला वेळ लागतो, समिती बसते, नमुना मंजूर होतो, जुने गठ्ठे संपावे लागतात. तोवर आमच्या वॉर्डात आम्ही पेनाने काम चालवलं आहे. पहिल्या पानाच्या डाव्या समासात, वयाच्या बरोबर खाली, सिस्टर एक छोटा चौकोन काढतात. त्यात दोन आकडे, मध्ये तिरकी रेघ : पंधरा दिवसांपूर्वीचा आणि जातानाचा. नऊ चित्रांचा कागद नर्सिंग स्टेशनच्या काचेवर चिकटवला आहे. परवा नव्या निवासी डॉक्टरने राउंडला फाइल उघडली आणि म्हणाला, "मॅडम, हे चार होते, आज उठवलं तर सहा वाटतायत. आज घरी सोडायचं का?"

सोडलं नाही. अजून तीन दिवस ठेवले, रोज दोनदा चालवले.

आपण कधीही वॉर्डात या, तो चौकोन दाखवते.

आपली नम्र,
मेडिसिन वॉर्डातली एक फिजिशियन